मुंबईत सिद्दीचं वर्ष

पेण तालुक्यातल्या जिते स्टेशनवरून मुंबईला निघालेला माणूस दिव्याच्या गाडीने पनवेलला येतो आणि तिथे हार्बरची लोकल पकडतो. वडाळा मागे पडलं की शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मशीद आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. हा शेवटचा टप्पा बहुतेकांचा दाराकडे सरकण्यात जातो. 1689 साली जवळपास याच क्रमाने एक फौज मुंबईत शिरली होती. ती शिवडीला उतरली, माझगावला तिने तळ दिला, डोंगरीच्या टेकडीवर तोफा चढवल्या आणि इंग्रजांच्या किल्ल्यासमोर येऊन ठाण मांडलं. तीही आजच्या रायगड जिल्ह्याच्याच किनाऱ्यावरून आली होती, मुरूडच्या जंजिऱ्याहून.

सिद्दी याकूतखान या फौजेचा सेनापती. वर्षभराहून अधिक काळ मुंबई बेटाचा बहुतेक भाग त्याच्या हाती होता. इंग्रज गव्हर्नर किल्ल्याच्या तटाआड आणि तटाच्या दक्षिणेला उरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकून पडला होता. इंग्रजांच्या मुंबईवर परकी फौज शत्रू म्हणून उतरली आणि राहिली, ती त्यांच्या साऱ्या अमदानीत एवढी एकदाच. शाळेच्या पुस्तकात मात्र मुंबई आंदणात मिळते आणि पुढच्याच ओळीत कंपनीची भरभराट सुरू होते. मधलं हे प्रकरण गळून जातं.

आंदणाची गोष्ट ठाऊक असते ती अशी. 1661 साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा तह झाला, त्यात मुंबई इंग्रजांना मिळाली. पण वसईतल्या पोर्तुगीजांनी इतकी खळखळ केली की प्रत्यक्ष ताबा यायला 1665 उजाडलं. राजाला या दलदलीच्या बेटांत रस नव्हता. 1668 साली वर्षाला दहा पौंड भाड्याने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिएने व्यापाऱ्यांना बोलावून घेतलं, ज्याला त्याला आपापला धर्म पाळायची मोकळीक दिली. वस्ती वाढली. 1687 साली कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं.

ठाणं मोठं झालं, पण बेट आपल्या अन्नावर जगत नव्हतं. बेटांच्या मधल्या खाजणात भरतीचं पाणी शिरे. नारळाच्या वाड्या होत्या, मिठागरं होती, मासळी मुबलक होती, पण एवढ्या तोंडांना पुरेल इतकं भात पिकत नव्हतं. तांदूळ आणि सरपण येई ते खाडीपलीकडून. भोगावती आणि अंबा या नद्यांच्या खाड्यांवर असलेली पेण, नागोठणे ही बंदरं मुंबईची कोठारं होती. भरती साधून मचवे निघत, बंदर ओलांडून माझगावच्या बाजूला लागत. पलीकडचा मुलूख शिवाजी महाराजांचा. त्यामुळे मुंबईच्या इंग्रजाला रायगडाशी उघड वैर धरणं परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला होता सिद्दी. आफ्रिकेतून आलेल्या या हबशी सरदारांनी जंजिऱ्याला आपलं राज्य उभं केलं होतं. 1671 च्या सुमाराला तिथला प्रमुख फत्तेखान महाराजांशी तह करायला निघाला, तेव्हा सिद्दी संबळ, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरियत या तिघांनी त्याला बाजूला सारलं आणि औरंगजेबाची चाकरी पत्करली. यातल्या कासीमने होळीच्या रात्री मराठे बेसावध असताना जंजिऱ्यासमोरची दंडा-राजपुरी परत घेतली. बादशहाने पुढे त्यालाच याकूतखान हा किताब दिला. जंजिऱ्याचं आरमार आता मोगलांचं आरमार झालं. सुरतेहून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांची राखण करायची आणि मराठ्यांच्या किनाऱ्याला छळायचं, ही त्याची कामं.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र बंद होतो. ज्येष्ठात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पुनवेनंतरच पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. मोठ्या आरमारालाही या महिन्यांत आडोशाचं बंदर लागतं. सिद्दीने त्यासाठी माझगाव निवडलं. इंग्रजांना हा पाहुणा मुळीच नको होता, पण त्याला नाही म्हणावं तर सुरतेची वखार मोगलांच्या हाती. सिद्दी आला की मुंबईचा घास अडकायचा. 1673 च्या ऑक्टोबरात त्याच्या टोळ्यांनी मुंबई बंदरातूनच जाऊन पेण आणि नागोठण्याच्या खाड्यांत उतरून गावं जाळली, माणसं धरून नेली. मराठ्यांनी अर्थातच इंग्रजांना जाब विचारला. 1678 च्या पावसाळ्यात महाराजांनी आरमाराचे सरदार दौलतखान आणि दर्यासारंग यांना चार हजार माणसं देऊन पनवेलला पाठवलं. खाडी ओलांडून माझगावात नांगरलेली सिद्दीची जहाजं जाळायची, असा बेत होता. हवेने आणि होड्यांच्या टंचाईने तो फसला. दुसऱ्याच वर्षी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही एका बाजूला येऊन लढले. खांदेरी गेली नाही. चिडलेल्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर आपला किल्ला उठवला.

एवढ्या वर्षांच्या वहिवाटीत सिद्दीच्या खलाशांना मुंबईचं बंदर पाठ झालं होतं. कुठल्या भरतीला कुठवर पाणी चढतं, चिखल कुठे पायाला धरतो, माझगावच्या किल्ल्यात किती तोफा आहेत, हे त्यांना कोणी हेर पाठवून कळवायची गरज नव्हती.

पाहुण्याचा शत्रू झाला तो जॉन चाइल्डमुळे. त्या सुमारास लंडनमध्ये कंपनीचा कारभार जोसाया चाइल्डच्या हातात होता, मुंबईत जॉन चाइल्डच्या. आडनाव एक असल्याने पुष्कळांनी त्यांना भाऊ ठरवलं आहे. भाऊ नसले तरी घमेंड सारखीच होती. मोगलांना दोन तडाखे दिले की व्यापाराच्या सवलती आपोआप मिळतील, असा लंडनचा हिशेब होता. 1686 साली बंगालमध्ये लढाईला तोंड लागलं. पश्चिम किनाऱ्यावर चाइल्डने मोगलांची आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांची जहाजं पकडायला सुरुवात केली. उत्तर म्हणून सुरतेत कंपनीचा वखारवाला बार्थोलोम्यू हॅरिस आणि त्याचे सहकारी बेड्यांत गेले.

तरीही चाइल्ड थांबला नाही. सुरतेहून मुंबईला परतताना त्याने वाटेत धान्याने भरलेल्या गलबतांचा तांडा पकडला. हे धान्य दंडा-राजपुरीला तळ देऊन असलेल्या मोगल फौजेसाठी चाललं होतं. याकूतखानाने आधी शांतपणे कळवलं की, गलबतं सोडा. मग मुदत घातली. चाइल्डने जे उत्तर पाठवलं ते मासिकात छापण्याजोगं नाही. सिद्दी आलाच तर त्याला आपण देहाच्या खालच्या बाजूच्या वाऱ्यानेच उडवून लावू, अशा अर्थाचं ते होतं.

ही गोष्ट अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश कप्तानाने लिहून ठेवली आहे. तो त्या काळी मुंबईत होता, लढाईतही उतरला होता. त्याचं पुस्तक छापून आलं 1727 साली, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. शिवाय चाइल्डवर त्याचा मनापासून राग होता. म्हणून त्याचा शब्दन् शब्द खरा धरता येत नाही. पण वेढ्यात अडकलेल्या जेम्स हिल्टन या कंपनीच्या सैनिकाची रोजनिशीही उपलब्ध आहे, 2016 साली ती संपादित होऊन प्रसिद्धही झाली. दोन्ही वाचल्यावर किल्ल्यातल्या गोंधळाचं चित्र फारसं बदलत नाही.

हॅमिल्टनच्या सांगण्याप्रमाणे फेब्रुवारीतल्या एका रात्री याकूतखान वीस हजार माणसांनिशी शिवडीला उतरला. आकडा फुगवलेला असू शकतो, पण फौज मोठी होती यात शंका नाही. शिवडीच्या छोट्या गढीवरच्या पहाऱ्याने इशाऱ्याची एक तोफ डागली आणि पाय काढला. मध्यरात्री किल्ल्यातून धोक्याच्या तोफा सुरू झाल्या. बायका-मुलं अंगावरच्या कपड्यांनिशी किल्ल्याच्या दरवाज्याकडे धावली, पण पहाट होईपर्यंत दरवाजा उघडला गेला नाही.

सकाळी सिद्दी माझगावला पोचला. तिथल्या किल्ल्यातला इंग्रज पहारा इतक्या घाईने निघाला होता की तोफा, नव्या कोऱ्या बंदुकांच्या पेट्या आणि पैशांच्या पेट्यासुद्धा मागेच राहिल्या. त्या उचलून दक्षिणेला न्यायला होडी होती, वेळही होता. नव्हता तो धीर. याकूतखानाने माझगावच्या किल्ल्यावर आपलं निशाण चढवलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. काही दिवसांत माहीमचा किल्लाही इंग्रजांनी न लढता सोडला. आजूबाजूची गावं लुटली गेली.

चाइल्डने कॅप्टन पीनबरोबर दोन कंपन्या पाठवून एक चढाई करून पाहिली. ती साफ उधळली. पीन पळाला, त्याच्या हाताखालचा मनरो काही माणसांसह मैदानात पडला. त्यानंतर इंग्रजांनी किल्ल्याबाहेर मोठी चढाई केली नाही. सिद्दी पुढे सरकला, डोंगरीच्या टेकडीवर त्याच्या तोफा आल्या आणि किल्ला थेट त्यांच्या टप्प्यात आला.

हा किल्ला म्हणजे गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या जुन्या वाड्याभोवती घातलेला तट. तो सिद्दीला पाडता आला नाही आणि त्याने पाडण्याची फार घाईही केली नाही. वेढा घालून बसायला त्याच्यापाशी वेळ होता. तटाच्या आत काय चाललंय याची बातमी त्याला रोज मिळत होती, कारण इंग्रज शिपाई एकेक, दोन-दोन करून त्याच्याकडे पळून येत होते. पगार थकला होता, अन्न आटत होतं, अधिकाऱ्यांवर विश्वास उरला नव्हता. पळून आलेल्यांपैकी काहींनी धर्मही बदलला आणि सिद्दीच्या बाजूने तोफा चालवल्या.

त्या वर्षाच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या तर अंगावर काटा येतो. 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. 11 मार्चला त्यांची हत्या झाली. मार्च अखेरीस रायगडाला मोगलांचा वेढा पडला, राजाराम महाराज निसटून जिंजीच्या वाटेला लागले आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला रायगड पडला. म्हणजे मोगलांची एक फौज रायगडाला भिडली होती तेव्हाच त्यांचं आरमार मुंबई गिळत होतं. पेणच्या खाडीतल्या कोळ्याला दोन्हीकडच्या बातम्या येत असणार, एक डोंगरातून आणि एक पाण्यावरून.

याच काळात किल्ल्यातल्या इंग्रजांनी तीन हजार मराठे चाकरीला ठेवले. हॅमिल्टन त्यांना ‘शिवाजी’ म्हणतो. महाराजांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी मुंबईच्या इंग्रजांच्या बोलीत मराठा शिपाई म्हणजे ‘शिवाजी’च होता. ही माणसं कुठल्या गावांची होती ते नोंदलेलं नाही. पण रायगड वेढ्यात, राजा मारला गेलेला, मुलूख उजाड आणि समोर जुना वैरी सिद्दी. अशा वेळी खाडीपलीकडून येऊन इंग्रजांच्या तटावर उभं राहणं हा त्यांच्यासाठी जगण्याचा आणि सूड घेण्याचाही एक मार्ग होता. त्यांच्या येण्याने तट सावरला. अन्नाची तंगी मात्र वाढली, कारण तीन हजार तोंडं भाताची होती.

पावसाळ्याचे महिने दोन्ही बाजूंनी कसेबसे काढले. समुद्र उघडताच कंपनीची जहाजं बाहेर पडली आणि मोगलांच्या प्रजेची व्यापारी जहाजं धरू लागली. वेढ्यातल्या मुंबईला या लुटीतून दाणागोटा मिळाला. बेटाला समुद्राची बाजू मोकळी होती, म्हणून ते तगलं. धान्याची गलबतं पकडण्याने युद्ध ओढवलं होतं आणि तसलीच गलबतं पकडून किल्ला जगत होता.

अखेर चाइल्डला नमावं लागलं. 1689 च्या डिसेंबरात जॉर्ज वेल्डन आणि अब्राहम नवारो असे दोन वकील दख्खनमधल्या बादशाही छावणीकडे निघाले. नवारो ज्यू होता. दोघांचे हात शेल्याने पुढे बांधून त्यांना औरंगजेबासमोर नेण्यात आलं आणि जमिनीला डोकं टेकून माफी मागावी लागली, असं हॅमिल्टन सांगतो. बादशहा रागावला होता, पण त्याचा हिशेबही पक्का होता. त्याला हजच्या जहाजांसाठी सुरक्षित समुद्र हवा होता, सुरतेची जकात हवी होती आणि मराठ्यांशी लढताना आणखी एक आघाडी नको होती. फेब्रुवारी 1690 मध्ये फर्मान निघालं. कंपनीने दीड लाख रुपये दंड भरायचा, लुटलेला माल परत करायचा आणि जॉन चाइल्डला हाकलून द्यायचं, मग पूर्वीसारखा व्यापार चालू. चाइल्डने हाकलून घेण्याची वेळच येऊ दिली नाही. त्याच महिन्याच्या सुरुवातीला तो मुंबईतच मरण पावला.

याकूतखान तरीही लगेच हलला नाही. दंडाची रक्कम आणि अटी पुऱ्या होईपर्यंत तो बसून राहिला. 1690 च्या जूनमध्ये, पुन्हा पावसाळा तोंडावर आलेला असताना, त्याने मुंबई सोडली आणि जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त केला.

मागे राहिली रोगराई. युद्ध आणि साथ या दोन्हींत मिळून, आधी सात-आठशे असलेल्या इंग्रजांतले साठेकच वाचले, असं हॅमिल्टन लिहितो. इथल्या कोळी, भंडारी, कुणबी वस्तीत किती गेले ते मोजायच्या फंदात तो पडला नाही. नारळाच्या वाड्या तुटल्या होत्या, घरं जळाली होती. ऑन्जिएच्या वेळी गजबजलेलं बेट ओसाड झालं. पोर्तुगीजांनी, विशेषतः वांद्र्याच्या जेझुइट पाद्र्यांनी, सिद्दीला आतून मदत केली असा इंग्रजांचा संशय होता. त्या कारणावरून मुंबईतल्या जेझुइटांच्या जमिनी जप्त झाल्या.

पारशी परंपरेत या काळाची एक वेगळी कथा आहे. 1692 च्या साथीत इंग्रज अधिकारी मेले किंवा अंथरुणाला खिळले, तेव्हा सिद्दीची माणसं पुन्हा चालून आली आणि रुस्तम दोराबजी या तरुण पारशाने कोळ्यांची फौज उभी करून त्यांना हाकललं, असं ती सांगते. बदल्यात कंपनीने त्याला कोळ्यांचा पाटील केलं आणि ‘पटेल’ हे त्या घराण्याचं नाव झालं. कथेतल्या लढाईचा तपशील कमीजास्त असेल. पण बेट राखायला कोळ्यांच्या होड्या आणि हात लागतात, हे त्या वेळच्या मुंबईकरांना उमगलं होतं, एवढं तिच्यातून दिसतं.

बेट राखण्याचा धडा कंपनी हळूहळू शिकली. 1715 ला आलेल्या गव्हर्नर चार्ल्स बूनने गावाभोवती तट बांधून घेतला. त्याच्या वेळी भीती सिद्दीची कमी आणि कान्होजी आंग्र्यांची जास्त होती. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांना धडकी भरली आणि तटाबाहेर खंदक खणला गेला. आजच्या फोर्ट भागाला फोर्ट म्हणतात ते त्या तटामुळे. तट 1860 च्या दशकात पाडला गेला, नाव राहिलं.

अन्नपाण्यासाठी पलीकडच्या किनाऱ्यावर अवलंबून असणं, ही बेटावरच्या वसाहती शहराची दुबळी नस पुढेही पुन्हा पुन्हा उघडी पडली. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती गेलं तेव्हा ते मागच्या बाजूने, जोहोरकडून सामुद्रधुनी ओलांडून आले होते आणि शहराच्या पाण्याचा मोठा भाग त्याच बाजूने येत होता. त्याआधी सात-आठ आठवडे हाँगकाँगने अठरा दिवसांत शस्त्रं टाकली. तिथेही पाण्याचे साठे शत्रूच्या हाती गेल्यावर किल्लेबंदी निरुपयोगी ठरली. तोफा समुद्राकडे वळवून बसलेल्या शहराचं पोट आणि घसा पलीकडच्या किनाऱ्यावर असतो. जॉन चाइल्डला हे अडीचशे वर्षं आधी कळायला हरकत नव्हती, त्याच्या ताटातला भात रोज पेण-नागोठण्याहून येत होता.

याकूतखानाची कबर आज राजपुरीजवळ खोकरीला आहे. तिथे तीन दगडी घुमट उभे आहेत. त्यातला एक त्याचा, एक खैरियतखानाचा आणि सगळ्यांत मोठा सिद्दी सिरूलखानाचा. मुरूडला जंजिरा पाहायला येणाऱ्यांतले थोडेच तिथवर जातात.

मुंबईत त्याच्या खुणा शोधायच्या तर पुन्हा हार्बर लाइन. शिवडीच्या गढीवरून खाली चिखलाचा पट्टा दिसतो, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. डॉकयार्ड रोड स्टेशनाबाहेर भंडारवाड्याची टेकडी आहे, तिच्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आणि पाण्याची टाकी. माझगावचा किल्ला होता तो याच टेकडीवर. आता संध्याकाळी लोक तिथे हवा खायला येतात आणि गोदीतली जहाजं बघतात. चाइल्ड ज्या किल्ल्यात कोंडला गेला त्याच्या उरलेल्या तटाआड भारतीय नौदलाचं ठाणं आहे. त्याचं नाव आयएनएस आंग्रे.

जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून समुद्रावर अटल सेतू सुरू झाला. त्याचं दुसरं टोक उरण तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात उतरतं. पेणची भाजी, मासळी आणि भाद्रपदाच्या आधी गणपतीच्या मूर्ती भरलेले टेम्पो आता त्यावरूनही मुंबईत शिरू शकतात. ते जिथे जमिनीला लागतात, तिथून शिवडीची गढी दिसते.